गोठ्याखालून आलेली हाक

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत पाण्याची मोटर बंद पडली की आधी वॉचमन वर येतो, मागोमाग सेक्रेटरी येतात, आणि तेवढ्यानं मी हललो नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलकाकू येतात. मी निवृत्त झालोय हे या तिघांनाही पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटतं. आयुष्यभर पंपात हात घातलेल्या माणसाचे हात रिकामे राहिले की त्याला जेवण गोड लागत नाही.

माझं काम साधं होतं. जमिनीत भोक पाडतात ते बोअरवाले. त्या भोकात पंप सोडायचा तो मी. लांबट नळकांड्यासारखा पंप असतो, त्याला पाइपाचा एकेक तुकडा जोडत खाली सोडत जायचं. वर तीन पायांची लोखंडी तिवई उभी करायची, तिला आम्ही घोडी म्हणतो. घोडीला चेनपुली लटकवायची आणि सगळं वजन तिच्यावर तोलायचं. हात सुटला की पंप तळाला जातो. तळाला गेलेला पंप वर काढताना माणसाच्या तोंडून काय काय बाहेर पडतं ते या अंकात छापता यायचं नाही. सातिवलीच्या एका गाळ्यात मी हे शिकलो आणि त्याच विद्येवर पुढे ओमानला गेलो. नोकरीची बरीच वर्षं तिथल्या आतल्या भागात, डोंगर आणि वाळवंट यांच्या मधल्या गावांत गेली. त्यातल्या एका गावाबद्दल लिहितो. नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच आहेत आणि त्यांना गाजावाजा आवडत नाही.

मरूद्यान हा शब्द मला शाळेच्या भूगोलातून माहीत होता. पुस्तकात एक डबकं, दोन खजुरीची झाडं आणि एक उंट असं चित्र होतं. तसलंच काहीतरी दिसेल अशा समजुतीनं मी जीपमधून उतरलो, तर समोर वसईची वाडी! वर खजुरीची दाट सावली, तिच्याखाली केळी, लिंबू, मधूनच एखादा आंबा, आणि तळाशी हिरवागार लसूणघास. मधून दगडी पाट झुळझुळत चाललेले. दोन्ही बाजूंना मात्र तांबडा, उघडाबोडका डोंगर. माझ्यासोबत आमच्या वसईकडच्याच चांदीप गावचा जयवंत होता. भातशेतीच्या घरातला, माझ्याहून बराच तरुण, मला दादा म्हणायचा. तो पाटाशी उकिडवा बसला, पाण्यात हात बुडवला आणि म्हणाला, "दादा, पाऊस नाय, नदी नाय. मग ह्ये पानी येतं कुठून?"

त्याचं उत्तर आम्हाला सालिमनं दिलं. सालिम म्हणजे त्या पाण्याचा कारभारी. तिथे या कारभाऱ्याला वकील म्हणतात. पहिल्या दिवशी "वकील भेटायला आलेत" असा निरोप आला तेव्हा जयवंत घाबरून म्हणाला, "आपन काय केलं?" बाहेर येऊन पाहतो तर पांढरा झगा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, हातात काठी आणि चेहऱ्यावर हसू. सालिमचे वडील मुंबईला खजूर आणायचे. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर येऊन राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. अधल्यामधल्या जागी अरबी शब्द भरायचा, आणि ते आम्हाला कळलेत असं गृहीत धरायचा.

सालिमनं आम्हाला गावाच्या वर, डोंगराच्या दिशेनं चालत नेलं. तिथे जमिनीवर ठरावीक अंतरानं दगडांनी बांधलेली वर्तुळं होती, विहिरींच्या तोंडांसारखी, एका ओळीत. त्यांच्याखालून बोगदा जात होता. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर, तिला ते मूळविहीर म्हणतात. तिथलं पाणी या बोगद्यातून अगदी सौम्य उतारानं चालत येतं आणि गावाशी उघड्यावर पडतं. पंप नाही, वीज नाही. वरची वर्तुळं म्हणजे बोगद्यात उतरायची, माती काढायची आणि हवा घ्यायची वाट. या सगळ्या व्यवस्थेला फलज म्हणतात. सालिमच्या आजोबांच्या आजोबांनाही ती कोणी खणली ते माहीत नव्हतं.

पाणी गावात शिरतं तिथे पहिलं ठिकाण पिण्याचं, तिथे कोणी हातसुद्धा धुवायचा नाही. मग मशिदीचं, मग आंघोळीचं, आणि त्यानंतर बागा. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली. दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजायची रीत होती. आता मनगटावर घड्याळं आली, तरी सालिम आधी सावली बघायचा आणि मग घड्याळ बरोबर आहे का ते तपासायचा. घरं सगळी खडकाळ कडेला. पाणी पोचतं त्या जमिनीवर घर बांधायचं नाही, हा तिथला नियम. तो ऐकून मला घर आठवलं. आमची आगाशीकडची वाडी, केळीची आणि पानवेलीची, तिच्यावर आज चार इमारती उभ्या आहेत. इमारती नंतर आल्या. आधी मोटरी आल्या. प्रत्येक वाडीत मोटर बसली, विहिरी उपसल्या गेल्या आणि एका वर्षी वडिलांनी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवला. पाणी मचूळ झालं होतं. समुद्र आत शिरला होता. केळी पिवळी पडत गेली ती पुन्हा उठली नाहीत.

असो. आम्हाला त्या गावी पाठवलं होतं ते पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बागांसाठी. फलजचं पाणी तिथवर पोचताना रोडावायचं, म्हणून तिथे छोट्या विहिरींवर पंप बसवायचे होते. त्यातला एक पंप मौझा नावाच्या विधवा बाईच्या बागेत होता. तिचं घर गावाच्या अगदी वरच्या टोकाला आणि बाग अगदी खालच्या टोकाला, त्यामुळे ती दिवसभर चालतच असायची. तिच्याइतकी कडक गिऱ्हाईक मला जन्मात भेटली नाही. दर आठवड्याला निरोप, पंप आजारी आहे. आम्ही जायचो तेव्हा पंप बंद. बटण दाबलं की ठणठणीत चालू. असं कितीदा तरी झालं. शेवटी सालिमला मध्ये घातलं. मौझा हात उडवत बराच वेळ बोलली. सालिम हसू दाबत म्हणाला, "वो बोलती है, फलज का पानी मेरे बाग में आता है तो मैं कान से सुनती हूँ. तुम्हारा मशीन चालू, तो मेरा कान बंद."

पंप खरंच चांगला होता आणि बाईचंही बरोबर होतं. मी मोटरवर जाड पेटी बसवून आवाज कमी करून दिला. तिनं ओंजळभर लिंबं दिली, आणि लगेच पेटी वाकडी बसवलीस म्हणून बोलणीही ऐकवली.

त्या वर्षी डोंगरात जबर पाऊस झाला. गावात थेंब नाही, पण वादी भरून आली. तिथे कोरड्या नदीपात्राला वादी म्हणतात. आमच्या वाडीत केळी आणि त्यांच्या वादीत धोंडे, यावरून जयवंतनं पुष्कळ विनोद केले होते, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. पूर ओसरला आणि फलजचं पाणी गढूळ झालं. मग बारीक झालं. मग थांबलं. बोगदा कुठेतरी आत बुजला होता. प्यायला टँकर येऊ लागले, पण टँकरनं बाग जगत नाही. सगळ्यांत आधी केळींनी माना टाकल्या. मी रोज सकाळी ती पानं बघायचो आणि नजर वळवायचो.

आमच्या कंपनीचे साहेब मूळचे साताऱ्याचे. त्यांनी फोनवर सांगितलं, "मूळविहिरीच्या शेजारी मोठी बोअर मारू. पाणी उपसून पाटात सोडू. बोअर पाडणारी रिग निघाली आहे."

"साहेब, तिथे बोअर मारली तर आज पाणी मिळेल, पण फलज कायमची जाईल," मी म्हणालो. "बोगद्याच्या तळापेक्षा पाण्याची पातळी वर आहे म्हणून ते आपोआप चालत येतं. आपण उपसायला लागलो की पातळी बोगद्याच्या खाली जाणार. मग मोटर बंद पडली की गाव बंद."

"आणि नाही मारली तर बागा आत्ताच वाळतील. लोक मला फोन करतात, तुम्हाला नाही."

तेही खोटं नव्हतं. मी माझ्या घरच्या विहिरीचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "रिगला वाटेत दुसरं काम आहे. ती पोचायच्या आत तुम्ही बोगदा मोकळा करा. पाणी आलं तर रिग परत पाठवतो. नाही आलं तर मुकाट्यानं बोअर. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो, आणि फोन ठेवून सालिमला शोधायला निघालो.

सालिमनं सगळ्या गावाला बोलावलं. कोणी घमेली आणली, कोणी खजुरीच्या काथ्याचे दोर. माझी घोडी आणि चेनपुली होतीच. एका वर्तुळातून खाली उतरायचं, बोगद्यातून वाकून डोंगराकडे सरकायचं, बुजलेली माती भरून बाहेर पाठवायची. पलीकडे पाणी तुंबलेलं आहे हे आम्हाला माहीत होतं, म्हणून घाई करायची नाही असं ठरलं. आत जायला सालिमचा मुलगा नासिर पुढे झाला. उंच, अबोल आणि खांद्यानं रुंद. त्याच्याबरोबर जयवंत. मी त्याला म्हटलं, "तू थांब, मी जातो." तो म्हणाला, "दादा, तुमचं पोट अडकंल तिथं." सगळे हसले आणि तो उतरला.

काम चांगलं चाललं होतं. पाणी झिरपून माती ओली होत होती, म्हणजे पाणी जवळ होतं. दुपारच्या नमाजानंतर नासिर आणि जयवंत पुन्हा आत गेले. मी वर घोडीपाशी उभा होतो. एकाएकी पायाखाली काहीतरी हललं. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा धप्प एवढाच. मग वर्तुळातून धूळ वर आली.

मी खाली उतरलो. थोडं पुढे बोगदा मातीनं गच्च भरला होता. ते दोघं पलीकडे होते. त्यांच्या पुढच्या बाजूला तुंबलेलं पाणी, मागच्या बाजूला ही नवी दरड, आणि मधे ते दोघं. मी ओरडलो. उत्तर नाही. हातानं माती ओढली तर वरून आणखी येऊ लागली. या बाजूनं खणायचं म्हणजे दरड त्यांच्या अंगावर ढकलायची.

वर आलो. सालिम माझ्याकडे बघत होता. मी नुसती मान हलवली. त्याचा मुलगा आत होता, पण तो ओरडला नाही, रडला नाही. काठी टेकत वर्तुळांच्या ओळीकडे बघत राहिला. "आगे वाला रास्ता?" मी विचारलं. पुढचं वर्तुळ खूप लांब दिसत होतं आणि ते तुंबलेल्या पाण्याच्याही पलीकडे होतं. तिथून काही उपयोग नव्हता. मला त्या क्षणी चांदीपचं घर दिसलं. जयवंतची आई आठवली. निघताना तिनं मला सांगितलं होतं, "पोराला सांभाळून आना."

तेवढ्यात वरच्या घरांकडून मौझा धावत येताना दिसली. त्या वयात, चप्पल न घालता, त्या तापलेल्या खडीवरून. येताना काहीतरी ओरडत होती. सालिमच्या हातातली काठी गळून पडली.

"क्या बोलती है?"

"बोलती है, मेरी बकरियों के नीचे आदमी बोलता है!"

आम्ही सगळे पळालो. मौझाच्या घराशेजारी दगडमातीचा शेळ्यांचा गोठा होता. शेळ्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या. मी दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीला कान लावला. खालून, अगदी बारीक, पण स्पष्ट, मराठीत हाक आली, "दादा! ओ दादा!"

मी आयुष्यात इतक्या हाका ऐकल्या. त्या हाकेसारखी दुसरी नाही.

कधीकाळी त्या जागी एक वर्तुळ होतं. कोणाची तरी शेळी आत पडली म्हणून ते दगडी लादी टाकून बंद केलं गेलं, पुढे त्यावर माती चढली, आणि मौझाच्या सासऱ्यानं तिथे गोठा बांधला. इतक्या मागची गोष्ट की सालिमलाही ती आठवली नव्हती. भिंत पाडल्याशिवाय आत घोडी उभी राहणार नव्हती. मी मौझाकडे बघितलं. विचारायची वेळच आली नाही. तिनं स्वतः भिंतीवरचा पहिला दगड उचलून फेकला.

मग पन्नास हात लागले. भिंत गेली, शेण गेलं, माती गेली. लादी उघडी पडली. मी घोडी लावली, लादीच्या कडेखाली पहार घातली, साखळी अडकवली. लादी पंपापेक्षा कितीतरी जड होती. साखळीचा एकेक टप्पा ओढताना मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो, की हिनं खाली सुटू नये. खाली तेच दोघं होते. लादी वीतभर उचलली, बाजूला झाली, आणि आतून गार, ओली हवा तोंडावर आली.

खाली जयवंतचा चेहरा. पाणी त्याच्या छातीपर्यंत चढलं होतं. नासिरनं त्याला खांद्यावर घेतलं म्हणून तो दोराला पोचला. तो वर येऊन चिखलात आडवा पडला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून नासिरला ओढलं. नासिर वर येताच सालिमनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि तसाच उभा राहिला. मौझा मात्र आपल्या शेळ्या मोजत होती आणि मोजता मोजता डोळे पुसत होती.

जयवंत उठून बसला तेव्हा मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडावरचा चिखलच पुसू लागलो. तो म्हणाला, "दादा, आत शेळ्यांच्या खुरांचा आवाज येत व्हता वरून. म्हटलं, शेळ्या हायत तर कोनतरी मानूस असंलच."

पुढचं काम पंपवाल्याचं होतं. गोठ्यातल्या त्या उघड्या झालेल्या वाटेनं मी एक पंप आत सोडला आणि चढणारं पाणी उपसून आटोक्यात ठेवलं. मग दरड खालच्या बाजूनं, टेकू देत देत, सावकाश मोकळी केली. त्यावेळी एकट्यादुकट्याला आत पाठवलं नाही आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरलं नाही. शेवटी वरची बुजलेली मातीही फोडली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पंप बंद केला.

पाणी आलं ते काही धो धो नाही आलं. चिखलाची एक जीभ बोगद्यातून बाहेर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तिच्यापुढे वाळकी पानं आणि काटक्या ढकलल्या जात होत्या. सगळं गाव पाटाच्या काठानं तिच्याबरोबर चालू लागलं. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं. पाणी चालेल तेवढंच चालायचं, पुढे पळायचं नाही. एखाद्या भेगेत पाणी मुरलं की सगळे थांबायचे. ती भेग भरली की सगळे निघायचे. पाणी गेलेलं मी माझ्या घरी पाहिलं होतं. परत आलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी ते मौझाच्या बागेत शिरलं. ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली.

रिग आली, तिच्याबरोबर साहेबही आले. त्यांनी वाहता पाट बघितला, चूळ भरली आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. "बरं झालं तुम्ही भांडलात," एवढंच मला म्हणाले. गावानं मौझाचा गोठा दुसऱ्या जागी बांधून दिला. जयवंतनं स्वतः भिंत रचली. जुन्या जागेवर पुन्हा दगडी वर्तुळ उभं राहिलं. काम आटोपून आम्ही परतलो तेव्हा जयवंतला त्याच्या आईच्या हाती सोपवून मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि तिथेच झोप लागली, इतकं माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

जयवंत पुन्हा परदेशी गेला नाही. चांदीपला भात लावतो, जोडीला पंपांची कामं करतो. मी आणखी काही वर्षं ओमानमध्येच काढली, फलज दुरुस्त करत. आज वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की अशी काही विद्या मला वडील असताना अवगत नव्हती.

यंदा श्रावणात नासिरचा फोन आला. सालिमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेसाठी त्यानं मुंबईचाच हट्ट धरला होता. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिल्यावर बापलेक आमच्या घरी आले. सालिम आता खूप वाकला आहे. काळा चष्मा लावून त्यानं माझ्या बायकोच्या हातचं वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. दुपारी जयवंत गाडी घेऊन आला आणि आम्ही सगळे चांदीपला गेलो.

लावणी होऊन गेली होती. डोंगरापर्यंत खाचरंच खाचरं, आणि प्रत्येक खाचरात पाणी. सालिमनं चष्मा काढला. एकेक खाचर बघून घेतलं. मग विचारलं, "ये पानी किस का है?"

जयवंत म्हणाला, "किसी का नहीं, वकीलसाब. पाऊस का है."

"बारी किस की है?"

"बारी नहीं. सब की एकदम."

सालिमला ते पटलं नसावं. तो बांधावरून काठी टेकत पुढे गेला. एका ठिकाणी बांध फुटलेला होता आणि तिथून पाणी खळखळा ओढ्यात चाललं होतं. म्हाताऱ्यानं "या अल्लाह" म्हणत काठी टाकली, झगा सावरून खाली बसला आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून ती वाट बुजवू लागला. नासिर त्याला उठवायला धावला.

खाचरात पाणी जास्त झालं होतं, म्हणून बांधाला ती खांड जयवंतनंच सकाळी पाडली होती. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर जयवंतनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यानं नासिरचा हात धरून त्याला थांबवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सालिमच्या शेजारी पाण्यात बसला आणि त्याच्या हातात एकेक चिखलाचा गोळा देत राहिला.